मूठभर कोंड्याला घेतलेला ससा

मावशीच्या बिल्डिंगमध्ये आजारी पडायला बंदी होती. तशी पाटी नव्हती. पाटीवर "कुत्रा, मांजर, कोंबडी, बॅचलर चालणार नाही" एवढंच रंगवलेलं होतं. पण वरच्या मजल्यावर कुणी दोनदा खोकलं की खालून तिचा आवाज यायचा, "मर नायतर बरा हो. मधी लोंबकलू नको." लोंबकळणाऱ्याच्या दारात थोड्या वेळाने ती मिरीचा काढा घेऊन हजर व्हायची आणि तो शेवटच्या घोटापर्यंत पिईस्तोवर त्याच्या खानदानाचा उद्धार करत उभी राहायची. लोक बरे व्हायचे. काढ्याने की कंटाळ्याने, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आधीच सांगून टाकते, घरमालक या जमातीबद्दल माझं मत चांगलं नाही. त्यांच्याविरुद्ध मी पत्रकं लिहिली आहेत, चौकात उभं राहून वाटली आहेत आणि त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही. "एकटी मुलगी म्हणजे कसं आहे ना..." असं म्हणून मध्येच सोडून दिलेलं वाक्य मी पनवेलजवळच्या करंजाड्यात दारोदार ऐकलंय. त्यामुळे आज हे लिहिताना माझी जरा पंचाईत झाली आहे, कारण ज्या बाईबद्दल लिहितेय ती चार मजल्यांची मालकीण होती.

मालकीण होती पण एकाही मजल्यावर राहायची नाही. शेती सरकारने घेतली, बदल्यात भूखंड दिला, भूखंडावर बिल्डिंग उभी राहिली, आणि मावशीने आपलं बिऱ्हाड पार्किंगमध्ये मांडलं. दोन खांबांच्या मधे खाट. खाटेखाली सूप, पाटा, विकायला ठेवलेल्या सुक्या जवल्याचे डबे. भिंतीला कोंबड्यांचं खुराडं. पाटीवर कोंबडी चालणार नाही असं तुम्हीच लिहिलंय ना, असं एका भाडेकरूने विचारलं, तर म्हणाली, "पाटी भाडेकरूला हाय. कोंबडी मालकीन हाय."

जमीन गेली हे तिला माहीत होतं. ते तिने मान्य केलेलं नव्हतं एवढंच. एटीएम कुठे आहे म्हणून विचारलं तर ती सांगायची, खारवंडीच्या बांधावर. मेडिकल म्हणजे तळीची शेती. जिथे आता जिम आहे तिथे तिच्या लेखी अजून वालच पेरलेला होता. नव्या भाडेकरूला हा नकाशा शिकायला वेळ लागायचा. पण सामान आणून देणारी पोरं पटकन शिकली. मला एकदा फोन आला, "मॅडम, तुमचं पार्सल आहे, मी खारवंडीच्या बांधावर उभा आहे." बिहारचा मुलगा होता.

माझी तिची ओळख पत्रकामुळेच झाली. डोंगर फोडण्याविरुद्ध आमची मोहीम चालू होती. सुरुंगाने घरांना तडे जात होते, धुळीने पोरं खोकत होती, आणि डंपरवाले मुजोर होते. मी बिल्डिंगखाली पत्रक वाटायला गेले. मावशीने ते हातात घेतलं, उलटं धरलं आणि म्हणाली, वाच. मी वाचलं. "सुजाण नागरिकहो" पासून. दुसऱ्या परिच्छेदात तिने हात वर केला.

"भांडते कोनाशी?"

"व्यवस्थेशी," मी म्हणाले.

"ती कुटं ऱ्हाते?"

मी सांगायला लागले की व्यवस्था म्हणजे काही एक माणूस नसतो. तिने ऐकून घेतलं, मग विचारलं, तुझं जेवण कुठे होतं, राहतेस कुठे. त्या दिवशी माझं राहण्याचं काहीच ठरलेलं नव्हतं, हे तिने माझ्या झोळीच्या फुगीरपणावरून ओळखलं असणार. मी पाटीकडे बोट दाखवलं. बॅचलर. ती म्हणाली, पाटीवर पोऱ्यांचं लिहिलंय, पोरींचं कुठे लिहिलंय? अशी मी चौथ्या मजल्यावर राहायला गेले. उरलेल्या पत्रकांत ती जवला बांधून द्यायची. डोंगर वाचवण्याचं आवाहन त्या काळात अख्ख्या सेक्टरच्या स्वयंपाकघरांत पोचलं, ते जवल्यामुळे.

तिच्या बोलण्याचा एक नियम मला हळूहळू कळला. शिव्या म्हणजे सगळं ठीक आहे. मला ती "पत्रकवाली भवाने" म्हणायची, खालच्या मजल्यावरच्या गुबगुबीत बाळाला "वाळका बोंबील". तिचा धाकटा भाऊ तर मोठा शेठ; त्याचे डंपर, त्याचं सोनं, त्याच्या मागेपुढे फिरणारी चार माणसं. त्याला ती सगळ्यांसमोर "ए कोंड्या" अशी हाक मारायची आणि तो निमूट यायचा. मला फार बरं वाटायचं ते ऐकून, कारण डोंगर फोडणाऱ्यांत त्याचेही डंपर होते. पण गोड बोलणं हे तिच्याकडचं वाईट लक्षण. एक भाडेकरू दारू पिऊन बायकोला मारायचा. वर्षभर तिने त्याला झोडपलं, तोंडाने आणि एकदा केरसुणीनेही. मग एके दिवशी त्याला "साहेब" म्हणाली. महिन्याच्या आत त्याचं सामान टेम्पोत होतं, आणि बायको मात्र खोलीतच राहिली. शेजारची म्हातारी शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा मावशी तिला "माझी बाय" म्हणत पाय चेपत बसली होती. गोड बोलणं म्हणजे तिच्या लेखी निरोप.

आता ससा.

पनवेलच्या बाजारात फुटपाथवर एक जण जाळीच्या पिंजऱ्यात सशाची पिल्लं विकायला बसायचा. आईच्या दुधावरून ओढून काढलेली, मुठीएवढी, उन्हात एकमेकांवर रचलेली. पोरांना खेळणं म्हणून आईबाप घेऊन जातात, आठवड्यात ते खेळणं मरतं, मग दुसरं घेतात. याच्यावर मी पत्रक लिहिलं होतं, "जीव विकाऊ नाही" या मथळ्याचं. ते त्याला वाचून दाखवायला लागले. गर्दी जमली. गिऱ्हाईक पांगलं. शेवटी वैतागून त्याने कोपऱ्यातलं एक पिल्लू उचललं आणि माझ्या हातात कोंबलं.

"ताई, हा फुकट न्या. जगतो तर जगवून दाखवा. बोलायला काय जातं?"

मी रागाने घेतलं. रागाने घेतलेला जीव झोळीत, पत्रकांच्या मधे, धापा टाकत होता. करड्या रंगाचा, कान थंडगार, मागची बाजू जुलाबाने चिकटलेली. सशाबद्दल मला काय माहीत होतं? गाजर खातो, आणि तेही पुस्तकातल्या चित्रात. त्याच्या हक्कांबद्दल मात्र पाठपोट छापील कागद भरून माहिती होती.

मावशीने झोळी हललेली बघितली. उघडायला लावली. "हा उंदीर कोनाचा?" म्हणाली. मी ताबडतोब बचावाला उभी राहिले: पाटीवर ससा लिहिलेला नाही. ती म्हणाली, पेंटरला बोलावते, ससा लिहायला लावते, मग बाहेर काढते. पेंटर कधीच आला नाही. दहा मिनिटांत पिल्लू तिच्या कोंबडी बसवायच्या टोपलीत, जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर होतं, आणि ती हिंग उगाळत होती. लहान मुलाचं पोट फुगलं की हिंग लावतात, हे तिचं शास्त्र. मी हिंग हिसकावून घेतला. ते तेवढं एक मी बरोबर केलं.

जवळचा डॉक्टर सरळ माणूस होता. कुत्री-म्हशी बघतो, सशात मला गती नाही, म्हणाला, आणि रोडपालीतल्या एका डॉक्टरबाईंचा पत्ता दिला. मी रिक्षा केली तर मावशी टोपलीसकट आत येऊन बसलेली. कुणी बोलावलं नव्हतं. वाटेत तिने रिक्षावाल्याला कुठल्या पुलाखाली कुणाचं मिठागर होतं ते सांगितलं, आणि टोपलीत वाकून अधूनमधून, "मेल्या, रिक्षाची हवा खातोस."

डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या. त्यांनी पिल्लाचं पोट बोटांनी चाचपलं, स्टेथोस्कोप लावून ऐकलं. आतडं जवळजवळ थांबलंय, म्हणाल्या. कातडीखाली सलाईन दिलं, औषध दिलं, आणि सुईशिवायच्या सिरिंजने भरवायचा लगदा कसा कालवायचा ते दाखवलं. गाईचं दूध नाही, गाजर नाही, गोड काही नाही. ऊब आणि सुकं गवत. ससा चघळायचा थांबला की संपला, पुढ्यात सतत काडी हवी. उद्यापर्यंत स्वतःहून खाल्लं तर आशा आहे. आणि शेवटी चष्मा काढून आम्हा दोघींकडे बघत म्हणाल्या,

"सगळ्यात महत्त्वाचं, शांतता. हे प्राणी आवाजाच्या धसक्याने जातात. त्याच्याजवळ कुणी मोठ्याने बोलायचं नाही. आणि आता पुन्हा त्याला रिक्षातून हिंडवू नका."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. माझं काम मेगाफोनवर चालायचं. तिचं मेगाफोनशिवाय.

त्या दुपारी करंजाड्यात जे घडलं ते तिथे परत घडणार नाही. मावशी कुजबुजायला लागली. शिव्या त्याच, फक्त आवाज काढून घेतलेला, त्यामुळे त्या जास्तच भयंकर वाटायच्या. जिना उतरणाऱ्यांना ती चपला हातात घ्यायला लावायची. एका बाईंच्या कुकरची शिट्टी झाली तर वर जाऊन गॅस बंद करून आली. कोंबड्या दोराने बांधून मागच्या गल्लीत हलवल्या. गवतासाठी ती स्वतः गेली. कुठल्या मोकळ्या भूखंडावर हरळी माजलीय हे तिला पाठ होतं, कारण तिच्या मते ते सगळे तिचेच बांध होते. गच्चीवर उन्हात पसरून तिने ती सुकवली. मी हळूच म्हटलं, तिथे बोंबील वाळत घातलेत, वास लागेल. तिने बोंबील उचलून माझ्या दारात ठेवले.

पिल्लू खाईना. सिरिंजने भरवलेलं निम्मं हनुवटीवरून ओघळायचं. ते नुसतं गोळा होऊन बसायचं आणि मधूनच करकर दात खायचं. दुखण्याने दात खातात ससे, डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. ओरडत नाहीत. हे मला सगळ्यात असह्य झालं. ज्याला आवाजच नाही त्याच्या बाजूने भांडायचं, ते आवाज न करता भांडायचं कसं?

आणि दुसऱ्या दिवशी तिच्या भाच्याची हळद होती.

शेठच्या मुलाची हळद, शेजारच्याच बिल्डिंगसमोर मांडव, आणि दुपारीच डीजेचा टेम्पो येऊन उभा राहिला. भोंगे पहिल्या मजल्याएवढे. आमच्याकडच्या हळदीत काय वाजतं ते ज्याने ऐकलंय त्याला सांगायला नको. खिडकीच्या काचा ऐकतात, माणसं नुसती हलतात. मी तडक गेले. नियम काय म्हणतो, किती आवाजाला परवानगी असते, रुग्ण आणि वृद्धांचा हक्क काय, सगळं बोलले. नवरदेवाच्या मित्रांनी नीट ऐकून घेतलं.

"मॅडम, पेशंट कोण हाय पन?"

"ससा."

मग जो हशा पिकला तो अजून माझ्या कानात आहे. एक जण म्हणाला, त्यालाही आणा, नाचवू. मी व्यवस्थेबद्दल बोलणार होते, पण व्यवस्था तिथे गॉगल लावून वडापाव खात उभी होती.

परत आले तर मावशी टोपलीपाशी उकिडवी बसली होती. नवं लुगडं नेसलेली, केसात अबोली. मांडवात तिची वाट बघत होते, कारण पहिली हळद आत्याने लावायची असा त्यांच्या घरचा नेम. ती टोपलीत वाकून बोलत होती. "माज्या सोन्या. एक काडी घे रे राजा. तुना काय नाय व्हनार."

मी तिच्या शेजारी बसले.

"मावशी, त्याला शिव्या दे," मी म्हणाले.

"मना जमत नाय गो," ती म्हणाली.

तेवढ्यात मांडवातून आवाजाची चाचणी झाली. एकच दणका. पिल्लू टोपलीच्या तळाला चपटं झालं, डोळे ताठ, नाकपुडी हलायची थांबली. मला वाटलं, गेलं. मग नाकपुडी हलली.

मावशी उठली. खाटेखालचं सूप ओढलं, कोंबड्यांच्या डब्यातला तांदळाचा कोंडा मूठभर त्यात घेतला आणि माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, पदर पसर. मी जीन्समध्ये. मग झोळी पसर, म्हणाली.

"विक मना तो."

ही रीत मला ऐकून माहीत होती. घरात मूल जगत नसलं की ते मूठभर कोंड्याला शेजारणीला विकायचं. म्हणजे ते आपलं राहत नाही, कवडीमोल होतं, आणि जे त्याच्या वाईटावर असतं ते त्याला विसरतं. असल्या गोष्टींविरुद्धही माझं एक पत्रक आहे. मी तिला सांगितलं की एक तर ही अंधश्रद्धा आहे, आणि दुसरं म्हणजे सजीव प्राणी ही विक्रीची वस्तू नाही, हे मी छापून वाटते.

"मंग मरू दे त्याना," मावशी कुजबुजली. "पन तुजा छापलेला खरा ऱ्हाऊ दे."

मी झोळी पसरली. कोंडा पत्रकांवर पडला. मी म्हणाले, विकला.

ती सूप तसंच हातात घेऊन मांडवात गेली. मी मागे. शेठ खुर्चीत बसला होता. डीजेवाला हात वर करून त्याच्या इशाऱ्याची वाट बघत होता.

"कोंड्या, वाजाप बंद ठेव. माजा पोर आजारी हाय."

पोरं हसली. भाचा म्हणाला, "आत्या, ससा हाय तो." तिने पोरांकडे पाहिलंच नाही.

"तुना घेतला तवा तू त्याचासारखाच व्हतास. मुठीत मावायचास. बाबानं शिमग्याचा ढोल गावाभाईर नेला व्हता. आता माज्या दारात तू वाजवशील?"

शेठने सुपाकडे बघितलं. सुपाच्या वेतात कोंड्याची भुकटी अडकून राहिली होती. त्याचा चेहरा असा झालेला मी त्याच्या आधी कधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

"किती दिलास?" त्याने विचारलं.

"मूठभर. तुजा पन तवडाच दिलता."

तो उठला, टेम्पोकडे वळला आणि म्हणाला, "वायर काड."

मला जे वर्षभर शिवी वाटत होतं ते नाव होतं. त्याच्या आधीची भावंडं गेली, हाही सुकत चालला, तेव्हा ही, परकरातली पोर, ओच्यात कोंडा घेऊन आपल्याच आईसमोर उभी राहिली आणि भाऊ विकत घेतला. रीतीप्रमाणे तो अजून तिचाच आहे. डंपरसकट. हे मला त्याच संध्याकाळी शेठनेच सांगितलं, आणि मी ते ऐकून घेतलं, डंपरबद्दलचं मत न बदलता.

हळद झाली. भाचा माझ्याशी आजतागायत बोलत नाही. त्याचे मित्र एकेका इअरफोनवर दोघं दोघं असे नाचले. आवाजाशिवाय तो नाच इतका केविलवाणा दिसत होता की बायकांची हसून मुरकुंडी वळली. मग म्हाताऱ्या पुढे सरसावल्या आणि त्यांनी धवले म्हटले, लग्नातली जुनी गाणी, वाद्याशिवाय, खर्जात. कित्येक वर्षांनी एवढे सलग म्हणायला मिळाले, असं त्यातली एक म्हणाली. पार्किंगपर्यंत तो सूर यायचा आणि पिल्लाला त्याचं काही वाटत नव्हतं. मावशी पहिली हळद लावून तशाच पिवळ्या हातांनी परत आली. पिल्लाला औषध पाजताना त्याचा एक कान पिवळा झाला. मग तिने सुक्या हरळीची एक काडी त्याच्या नाकासमोर धरली. काडी जरा हलली. मग आखूड व्हायला लागली. कुरकुर, कुरकुर. एवढा बारीक आवाज ऐकायला दोन बायका श्वास धरून बसल्या होत्या, आणि दोघींचेही घसे भांडून भांडून आयुष्यभरासाठी बसलेले.

सकाळी तिने मला चौथ्या मजल्यावर येऊन उठवलं आणि कानात सांगितलं, "हागला." घट्ट, गोल लेंड्या होत्या, वाटाण्यासारख्या. ती त्या तळहातावर घेऊन आली होती. सगळ्या बिल्डिंगला दाखवून आली होती, तेही कुजबुजत.

माझं मत स्पष्ट आहे. ससा औषधाने जगला, गवताने जगला, डॉक्टरबाईंनी जगवला. कोंड्याने सशाला काही केलं नाही. कोंड्याने केलं ते माणसांना.

डॉक्टरबाईंनी तो धोक्याबाहेर आहे असं फोनवर सांगितलं त्या दिवशी मावशीने दाबून ठेवलेलं सगळं एकदम सोडलं. "मुडद्या, सुतळीच्या तोड्या, माजा नवा लुगडा कुरतडलास" हे स्टेशनपर्यंत गेलं असेल. वरच्या मजल्यावरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग ती टोपली घेऊन पनवेलच्या बाजारात गेली आणि त्या पिंजरेवाल्याला जगलेला ससा दाखवून जे काही बोलली त्याचं पत्रक छापता येणार नाही. तो आता बाजाराच्या दुसऱ्या टोकाला बसतो. पिल्लं अजून विकतो. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर गोष्ट गोड होईल.

ससा मला परत मिळाला नाही. विकलं ते विकलं. रीत अशी की जन्मदात्या आईनेही मग मागून घ्यायचं असतं, त्यामुळे मी रोज खाली उतरून विचारायची, मावशी, तुझा पोर जरा देतेस का? तिची मर्जी असली तर द्यायची. पाटी तशीच होती, ससा तिच्याखालीच बसून असायचा.

पुढे मी वीटभट्टीवरच्या कामगारांच्या मोहिमेसाठी दुसऱ्या तालुक्यात जायला निघाले. तिथे आधी गेलेल्या दोघांची डोकी फुटली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. खोली रिकामी करून खाली आले. मावशी ससा मांडीवर घेऊन खाटेवर बसली होती. मी वाट बघत होते की आता भवाने म्हणेल, घाणेरडी म्हणेल, किल्ली फेकून मारेल.

"जेवलीस का गो बाय?" ती म्हणाली. "सांबालून जा हां, माजी सोनी."

मी उभ्या उभ्या म्हणाले, मावशी, शिव्या दे. तिने वाकून खाटेखालचं सूप ओढलं, डब्यातून मूठ भरली, आणि माझी झोळी स्वतःच्या हाताने उघडून आत रिकामी केली.

"तुज्या आईला नेऊन दे," म्हणाली. "आन सांग, मी घेतली."

अंधश्रद्धेवरचं माझं पत्रक मी अजून वाटते. कोंडा मात्र झोळीतून सांडू न देता आईपर्यंत नेला.